अंगात ताप नव्हता

आमच्याकडे कुणी गेलं की समाचाराला आलेला माणूस पायरीशी चपला काढतो, आत येऊन भिंतीला पाठ टेकून बसतो, आणि बराच वेळ कुणी काही बोलत नाही. मग तो विचारतो, "काय झालेलं?" हे विचारावंच लागतं. न विचारता उठून गेलेलं माणूस घरच्यांच्या लक्षात राहतं. विचारलं की घरातली सगळ्यांत मोठी बाई सांगायला लागते, त्या दिवशीच्या सकाळपासून शेवटपर्यंत. सांगणं निम्म्यावर आलेलं असताना दारात आणखी कुणी आलं तर ती थांबते, आलेल्याला बसू देते आणि पुन्हा सकाळपासून सुरू करते. लहानपणी मला याचा कंटाळा यायचा. पुढे शिकले, महाडच्या शाळेत शिकवायला लागले, तेव्हा वाटलं की ज्यांनी ही रीत पाडली त्यांना माणसाची माहिती होती. तेच तेच सांगून माणूस दमतं, आणि दमलं की त्याला झोप लागते.

माझा मोठा भाऊ गेला तेव्हा हे सांगणं आईच्या वाट्याला आलं.

पोलादपूरहून आंबेनळीच्या दिशेनं निघालं की घाट चढायला लागण्याआधी एक फाटा लागतो. त्या फाट्यावरून आत आमचं गाव. तिथे दादा, वहिनी आणि आई राहायचे, दादाची दोन्ही पोरं नोकरीला मुंबईत. मी लग्न होऊन महाडला आले त्याला खूप वर्षं झाली. शाळेच्या मधल्या सुट्टीत फोन आला. मी पोलादपूरच्या दवाखान्यात पोचले तेव्हा दादाला व्हरांड्यात ठेवलं होतं आणि अंगावर घरचीच चादर होती.

दुसऱ्या दिवसापासून माणसं येऊ लागली आणि आई सांगू लागली.

"सकाळी उठला, गुरांना पेंढा घातला. च्या घेतला. मंग बोलला, आये, छातीत जळजळतंय गो. मी बोलली, राती वालाचं बिरडं हाणलंस, पित्त झालं असंल. हिनं आमसुलाचं पानी दिलं. पडला वाईच. मी गेली, कपाळाला हात लावून बघितला. अंग निस्तं थंड. घाम आलेला. बोलली, ताप नाय, काय नाय, पडून ऱ्हा. माझ्या जीवात जीव आला. दुपारी हिनं जेवायला हाक मारली, तर ओ नाय."

समोरच्या बाया मान हलवायच्या. "ताप नव्हता, मंग काय कळायचं, काकी," कुणीतरी म्हणायचं. आई म्हणायची, "तेच ना. ताप असता तर मी बसली असती काय?" आणि डोळे पुसायची.

मी खांबाशी बसून हे ऐकत होते आणि प्रत्येक वेळी त्या थंड अंगापाशी आलं की माझी नजर जमिनीकडे जात होती. कारण पहिल्याच दुपारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "सकाळी घाम येऊन अंग गार पडलं होतं का?" मी म्हटलं, आई तसं म्हणते. ते म्हणाले, "तेव्हाच आणायला हवं होतं." मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला. "अर्थात, आता त्याचं काय."

आईला हे कळू नये, एवढंच त्या दिवसांत माझ्या मनात होतं. रडण्याचंही भान नव्हतं.

आईच्या हाताविषयी सांगायला हवं, नाहीतर हे कुणाला समजणार नाही.

मी लहान असताना गावात कुणाकडे थर्मामीटर नव्हता. बाया पोरं काखेत घेऊन आमच्या ओटीवर यायच्या. आई हात धुवून, पुसून यायची आणि हाताची मागची बाजू आधी पोराच्या कपाळाला लावायची, मग मानेखाली, मग पोटाला. पोट तापलेलं आणि पाय गार, हे तिला आवडायचं नाही. तेव्हा ती फार बोलायची नाही. "याला आत्ताच खाली न्या," एवढंच म्हणायची, आणि ती म्हणाली की माणसं डोलीची तयारी करायची. एरवी हसून पोराच्या पाठीवर चापट मारायची. "काय नाय झालं. पेज घाला, उद्या गुरांमागं पळंल." तिनं असं म्हटलेलं पोर दुसऱ्या दिवशी खरंच पळायचं.

हे ती शिकली माझ्या बहिणीवर. दादानंतर आणि माझ्याआधी एक मुलगी झाली होती. लावणीचे दिवस होते. आई चिखलात, आणि पोर बांधावर इरल्याखाली ठेवलेलं. ते गप पडून आहे म्हणजे निजलं आहे, असं तिला वाटलं. दिवस मावळायला उचललं तर अंग चुलीसारखं. ओढ्याला पाणी होतं, पलीकडे जाता येईना. सकाळपर्यंत संपलं. लहान मुलांना तेव्हा जाळत नसत. ओढ्याच्या वरच्या अंगाला करवंदीच्या जाळ्यांपलीकडे एक जागा होती, तिथे नेऊन पुरत. तिला पोरांची जागा म्हणत. त्या मुलीच्या समाचाराला कुणी आलं नाही, कारण एवढ्या लहानाचा समाचार नसायचा. गावात त्या वर्षी आणखीही पोरं गेली होती, आणि बाया दुसऱ्या दिवशी लावणीला गेल्या होत्या. आईला तिची सकाळ कधी कुणाला सांगताच आली नाही.

त्यानंतर ती अंगाला हात लावत सुटली. दादाला, मला, शेजारच्यांना, गुरांनासुद्धा.

वडील गेले ते तापानंच. भाताच्या खाचरात उभं राहून आलेला ताप, डोळे लाल, पोटऱ्या दुखायच्या. आता त्याला लेप्टो म्हणतात, आम्ही उंदरांचा ताप म्हणतो. आईनं पहिल्या दिवशीच ओळखलं की हा नेहमीचा नाही. तिनं त्यांना महाडला नेलंही, पण तेव्हा खालच्या डॉक्टरलाही तो नीट कळत नव्हता. पुढे मला टायफॉईड झाला. आत्या म्हणत होती, अंगारा लावा, उतरेल. आईनं माझ्या पोटाला हात लावला, मला गोधडीत गुंडाळलं आणि पहिल्या एसटीनं महाडला घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, बरं झालं आणलीत. मी आज आहे ती त्या हातामुळे आहे. माझं शिक्षण, माझी पुस्तकं, माझी मुलं, हे सगळं त्या एका सकाळी तिनं हात लावून ठरवलेलं आहे.

मोठी माणसं बोलायची त्यावरून मला लहानपणी वाटायचं की मरणालाही ऋतू असतात. उन्हाळ्याच्या शेवटी विहिरी तळाला गेल्या की उलट्याजुलाबांनी माणसं जायची. आजीच्या पिढीत पटकीनं घरंच्या घरं उठली होती म्हणे. पावसात ताप, फुरसं चावणं, ओढा ओलांडताना वाहून जाणं. पाऊस सरता सरता हिवताप. थंडीत म्हाताऱ्यांचा खोकला आणि तरुणांचा क्षय. बाळंतीण मात्र कधीही जायची. आणि या सगळ्यांत एक गोष्ट सारखी असायची. शेवटी शेवटी अंग तापायचं. पटकी झालेला, साप चावलेला आणि वाहून गेलेला सोडला तर मरण तापातून यायचं. तेव्हा ज्या अंगात ताप नाही ते अंग वाचलं, असं आईच्या पिढीनं धरलं, आणि ते पुष्कळदा खरं होतं.

हे कधी बदललं ते मला सांगता येणार नाही. कुणी दवंडी पिटली नाही. रस्ता झाला, नळ आला, पोरांना डोस द्यायला बाई येऊ लागली, बाळंतपणं पोलादपूरला होऊ लागली. पोरांच्या जागेकडे जाणारी वाट हळूहळू करवंदींनी गिळली. आताच्या मुलांना तिथे काय होतं ते ठाऊकही नाही, ती तिथे खुशाल करवंदं खातात. याचा आनंद मला नेहमी वाटत आला आहे. पण त्याच वर्षांत गावातल्या खिडक्यांत, देवळीत, टीव्हीच्या मागे गोळ्यांच्या पट्ट्या दिसू लागल्या. बीपीच्या, शुगरच्या. एक घर आठवड्यातून ठरलेल्या दिवशी महाडला डायलिसिसला जातं. कुणी मुंबईहून कायमचं परत आलं तर आता आम्ही फार विचारत नाही, बरोबर मोठ्या पाकिटात एक्स-रेचे फोटो आणि रिपोर्ट असतात. आणि धडधाकट, पन्नाशीतली माणसं सकाळी च्या घेऊन दुपारी नसतात. त्याला ऋतू नाही. ताप नाही. हात लावून काही कळत नाही.

दादानं उमेदीची सगळी वर्षं महाडच्या एका ट्रकमालकाच्या गाडीवर काढली. मालक मुसलमान, दादाच्याच वयाचा, पुढे दोघे मालक-नोकर राहिले नाहीत, दोस्त झाले. बिरवाडीकडच्या कारखान्यांतला माल भरून दादा आंबेनळी चढायचा. आईचा सगळा घोर तेव्हा त्या घाटाला लागलेला. धुक्याच्या दिवसांत ती ओटीवरून हलायची नाही. दादानं गाडी सोडून घर धरलं तेव्हा तिनं देवाला नारळ फोडला आणि वहिनीला म्हणाली, "सुटलो गो आता." तिच्या लेखी धोका दोनच होते, घाट आणि ताप. दादाला बीपी निघालं होतं, पण ते तिला आजार वाटलं नाही. दादालाही नाही. डोकं दुखलं की तो गोळी घ्यायचा, नाही दुखलं की नाही. मी रागावले की म्हणायचा, "तू मास्तरीण शाळेत. हितं मी बरा हाय."

दहाव्याच्या आधी एकदा मी मागच्या दारी भांडी घासत बसलेल्या वहिनीजवळ गेले. तिनं वर न बघता विचारलं, "ताई, डाक्टर बाजूला नेऊन काय बोलला तुम्हाला?"

मी सांगितलं.

तिनं पातेलं उलटं करून बुडाला राख लावली. "मला वाटलंच. मी बोललेली त्यांना, रिक्षा बोलावते. तर मलाच गप केलं. आये बोलते ताप नाय, तुला जास्त कळतं काय, बोलले."

"आईला नको सांगायला."

"मी कशाला सांगू? जगायच्या नाहीत त्या."

मी विचारलं, "तुला राग नाही आला गं तिचा?"

"आला ना. काय सांगू, त्या रोज त्या माणसांना सांगतात ना, जीवात जीव आला म्हणून, तेव्हा वाटतं उठून जावं." मग तिनं हाताच्या मागच्या बाजूनं डोळ्यांवरचे केस सारले. "पण माझी दोन्ही पोरं त्यांनी त्याच हातानं वाचवलीत, ताई. आणि मी म्हातारीचा हात बाजूला केला असता तर तुमच्या भावानं मला घरात ठेवली असती काय? माहेरी पाठवली असती, ट्रकमध्ये घालून." आणि ती हसली, आणि हसता हसताच रडू लागली.

तेरावं झालं. माणसं येणं कमी झालं. मी शाळेत रुजू झाले आणि दर शनिवारी गावी येऊ लागले. आईचं सांगणं आता क्वचित व्हायचं, आणि त्याची धारही कमी झाली होती. मला वाटू लागलं की निभावलं.

मग दादाचा तो महाडचा दोस्त आला. तो मुलाकडे कुवेतला होता, त्यामुळे वेळेवर येऊ शकला नव्हता. गाडी फाट्यावर ठेवून चालत आला. आईच्या पायाशी बसला आणि रुमाल काढून डोळे पुसू लागला.

आईच म्हणाली, "किती वाळलास रे बाबा."

"वाळणारच आई. मटण बंद, मीठ बंद, बिडी बंद. फक्त हवा चालू ठेवलीय डॉक्टरनं." तो रुमालानं नाक पुसत हसला. "तुमच्या पोराला बोलायचो मी, तुझं पोट बघ, घाटात ब्रेक लागला तरी पोट पुढं जातं. तर तो बोलायचा, शेठ, तुमचं आधी पोचतं." मग रीतीप्रमाणे त्यानं विचारलं, "काय झालेलं आई?"

आई सावरून बसली आणि सकाळपासून सांगू लागली. गुरं, च्या, जळजळ, आमसुलाचं पाणी. "मंग मी हात लावून बघितला, तर अंग थंड..."

"हां! तेच!" तो एकदम म्हणाला. "सेम माझं. अंग बर्फासारखं, शर्ट भिजलेला."

मी उठले. "चहा टाकते. बिनसाखरेचा ना?"

"थांब ताई. आई, मी बोलत होतो गॅस आहे, सोडा आण. मुलगा बोलला, अब्बा, थंड घाम सुटलाय, आता थांबायचं नाही. उचलून गाडीत टाकला मला. डॉक्टर बोलला, अजून थोडा उशीर केला असता तर खल्लास."

"त्याला कसं ठावं? मुलाला?" आईनं विचारलं. तिचा आवाज अगदी साधा होता, जसा पिकाची चौकशी करताना असतो.

"आता सगळ्यांना माहीत असतं आई. मोबाईलवर पण..."

तेवढ्यात त्याची नजर माझ्याकडे आली. तो तिथेच थांबला. माणूस हुशार होता, आयुष्यभर माणसांशी व्यवहार केलेला. त्याच्या तोंडावरचा रंग उतरला. "तसं नाय आई," तो म्हणाला, "प्रत्येकाचं वेगळं असतं. त्याचं आयुष्य तेवढंच होतं."

"व्हय," आई म्हणाली. "तू वाचलास, बरं झालं."

चहा न घेताच तो उठला. पायरीशी त्यानं चपलेत पाय घातले. मला हळूच म्हणाला, "ताई, मी काय केलं हे." मी मान हलवली. त्याच्यावर रागावण्यासारखं काही नव्हतं. तो एक दोस्त गेल्याचं दुःख सांगायला आला होता.

मी आत आले तर आई सुपात वाल घेऊन निवडायला बसली होती. मी तिच्याजवळ बसले. तिनं खडे काढून बाजूला ठेवले, पुन्हा सूप हलवलं.

"तुला ठावं व्हतं?"

मी खोटं बोलू शकले असते. कितीतरी दिवस मी त्याचीच तयारी करत होते. पण तिनं विचारताना माझ्याकडे बघितलं नव्हतं, वालांकडेच बघत होती, आणि मला तिची फसवणूक करवेना.

"हो."

"कवापास्नं?"

"त्याच दिवसापासून. डॉक्टर बोलले होते."

"हिला?" तिनं चुलीकडे मान वळवली. वहिनी आत होती.

"तिलाही."

"म्हंजे मलाच नव्हतं ठावं." सूप खाली ठेवून तिनं पदरानं हात पुसले. "एवढ्या लोकांना सांगितलं मी. सगळी ऐकून घेत व्हती. त्यांतल्या कितींना ठावं असंल गो?"

मीही हा हिशेब मनात केला होता.

"आई, तुझी चूक नाही. पूर्वी आजार तसेच होते. तुझं बरोबरच होतं. आताचे वेगळे आहेत, एवढंच."

"पोराला काय फरक पडला त्यानं?" ती म्हणाली.

पुढच्या खेपांना गेले तेव्हा ती नेहमीची कामं करत होती, जेवत होती, पण कुणाच्या अंगाला हात लावत नव्हती. शेजारची सून तिचं तान्हं घेऊन आली. पोर तापलेलं लांबूनही दिसत होतं, गाल लाल झालेले. आईनं दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले. "दवाखान्यात ने गो. माझ्या हाताचं काय खरं नाय."

सून हसली. "काय थट्टा करता आजी! बघा की नीट, जरा हात लावून."

"ने बोलली ना," आई ओरडली. मी तिला तसं ओरडताना कधी पाहिलं नव्हतं. पोर रडायला लागलं. सून गोंधळून उठली आणि निघून गेली, आणि आई भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

मी घाबरले. आमच्यात अशी म्हातारी माणसं बघितलेली आहेत. काही एक होत नाही, नुसती भिंतीकडे वळतात आणि मग राहत नाहीत.

मी आग्रहानं सुरू करायला लावलेल्या तिच्या स्वतःच्या बीपीच्या गोळ्या संपल्या म्हणून मी तिला पोलादपूरला घेऊन गेले. डॉक्टर तेच होते, दादाच्या वेळचे. त्यांनी तिला ओळखलं की नाही ते मला कळलं नाही. त्यांनी पट्टा बांधला, आकडा सांगितला, गोळी लिहून दिली. आई उठेना.

"डाक्टर," ती म्हणाली, "ताप नसताना जातं माणूस, ते वळखायचं कसं?"

बाहेर रांग होती. डॉक्टरांनी दाराकडे बघितलं, मग खुर्ची पुढे ओढली. छातीवर मधोमध तळवा ठेवून दाखवलं. "इथं दाब येतो, दगड ठेवल्यासारखा. काहींना जळजळ वाटते, पित्तासारखी. मग डावा हात, खांदा, कधी जबडा. दम लागतो. आणि थंड घाम."

"बाईमाणसाला पन?"

"हो. बायकांना कधी नुसताच दम लागतो, गळून गेल्यासारखं होतं."

"परत सांगा," आई म्हणाली. त्यांनी परत सांगितलं. आई आपल्या छातीवर, खांद्यावर, जबड्यावर बोट ठेवत गेली, बाराखडी गिरवताना माझ्या वर्गातली पहिलीतली मुलं ठेवतात तसं. अंगाला हात लावण्याची तिची इतक्या दिवसांतली ती पहिलीच वेळ होती, आणि ते अंग तिचं स्वतःचं होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आमच्या पलीकडच्या वाडीत एक गृहस्थ गेले. दादापेक्षा लहान. आई म्हणाली, मला समाचाराला ने. मी म्हटलं, तुझं वय बघ, चढ आहे, तुझ्या वतीनं वहिनी जाईल. तिनं लुगडं बदललं आणि दारात जाऊन उभी राहिली.

तिथे बाया दाटीनं बसल्या होत्या. आईला सगळ्यांनी वाट करून दिली. ती भिंतीशी बसली, थांबली आणि विचारलं. त्या माणसाच्या म्हाताऱ्या चुलतीनं सांगितलं. शेतातून आला, दम लागला, घटाघटा पाणी प्यायला, पडला. ताप नव्हता, काही नव्हतं. बायांनी माना हलवल्या. "ताप नव्हता, मंग काय कळायचं," कुणीतरी म्हणालंच.

आता आईनं म्हणायचं होतं की त्याची वेळ आली होती. सगळ्या म्हणतात. ती म्हणाली, "माझ्या पोराचं अंग थंड व्हतं. मी हात लावून बघितला आणि बोलली, काय नाय. ते चुकलं माझं. थंड घाम आला की तवाच न्यायचं असतं. ताप बघत बसायचं नाय."

बायांच्या माना हलायच्या थांबल्या. मी तिचा पदर ओढला, तिनं सोडवून घेतला. मग त्या चुलतीनं, जिचं दुःख ताजं होतं, जरा तिखटपणेच म्हटलं, "आता सांगून काय उपयोग गो म्हातारे? गेला तो गेला."

"तुजा नवरा हाय ना," आई म्हणाली. "धाकटा दीर हाय. ह्या बसल्यात त्यांचे हायेत." आणि तिनं तळवा छातीच्या मधोमध ठेवला. "हितं. दगड ठेवल्यासारखं. नायतर जळजळ, पित्तासारखी. मंग हा हात. मंग हितं, जबड्यात." एक तरुण बाई पुढे सरकली आणि विचारलं, "जबड्यात कसं वो आजी? दातासारखं?" आईला ते ठाऊक नव्हतं. "इचारते डाक्टरला," ती म्हणाली. "पुढच्या वेळी सांगते."

त्या घरातून निघून आम्ही उतरून त्या वाडीच्या फाट्यावर आलो आणि सहा आसनी रिक्षा यायची वाट बघत थांबलो. रिक्षा आली. आत आम्ही दोघीच होतो. आई बाहेर बघत होती. तिला शिक्षा भोगल्यासारखं वाटत असेल, की हलकं, मला ओळखता येईना. मी म्हटलं, "आई, हे असं दर ठिकाणी सांगायची गरज नाही. लोक नावं ठेवतील."

"ठेवू देत."

रिक्षा वळणावर मंदावली. मग ती म्हणाली, "एक मी कुनाला सांगितलं नाय. तिथं पन नाय सांगितलं. मी हात लावला ना, तवा तो बोलला, हात काढू नको आये, ऱ्हाऊ दे, थंड वाटतंय. घाम फुटलेला, आनि बोलतो थंड वाटतंय." ती थांबली. "मी काढला. चुलीवर दूध व्हतं."

मी तिचा हात शोधला तर तो तिनं मांडीवर घट्ट मिटून ठेवलेला होता. पुढच्या थांब्यावर भाजीची पिशवी घेऊन एक बाई चढली, आणि आम्ही दोघी तिला जागा करून द्यायला सरकलो.